आम्ही मुळा-प्रवराचे सभासद

खड्डा पाच फूट खोल पाहिजे, असं वायरमन सांगून गेले होते. आमच्या बांधाला साडेतीन फुटांवरच मुरूम लागला. दादा, म्हणजे माझे वडील, पहारेनं मुरूम फोडत होते, मी फावड्यानं ओढून घमेलं भरत होतो आणि अक्का ते डोक्यावर घेऊन बांधापलीकडं रिकामं करून येत होती. डीपीपासून, म्हणजे लाईनीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, आमच्या विहिरीपर्यंत विजेचे सात पोल लागणार होते, म्हणजे असे सात खड्डे. १९८४ चा डिसेंबर होता. मी अकरावीत होतो. अक्काचं लग्न पुढच्या वैशाखात धरलेलं होतं, तरी ती चार दिवस घमेली वाहत होती.

खड्डे खणायला माणसं येणार होतीच. पण त्यांच्या हाताखाली अख्ख्या भागाची कामं, आणि दादांना गव्हाला पाणी द्यायचं होतं. ते म्हणाले, "संस्था आपली, पोल आपला, मग खड्डा उकरायला दुसऱ्याची वाट कशाला बघायची?"

संस्था म्हणजे मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था, श्रीरामपूर. आजच्या पोरांना हे सांगितलं की ती माझ्या तोंडाकडं बघतात. वीज म्हणजे महावितरण, एवढंच त्यांना माहीत. पण आमच्या भागात चाळीस वर्षं वीज आणली, तारा ओढल्या, बिलं वाटली ती एका सहकारी संस्थेनं, आणि तिचे सभासद आम्हीच होतो. ते सगळं ज्यांनी अंगावर घेतलं ती पिढी आता बांधावरून उठून चाललीय, म्हणून आमच्या एका कनेक्शनची हकिगत लिहून ठेवतोय.

आमचं गाव राहुरी तालुक्यात, मुळा उजव्या कालव्याच्या अंगाला. २६ टीएमसीचं मुळा धरण भरायला लागल्यापासून कालव्याच्या पाझरानं विहिरींना पाणी वाढलं होतं. पाणी विहिरीत होतं, ते वर काढायचं कसं हा प्रश्न होता. आजोबांनी मोट हाकली. दादांनी १९७२ च्या दुष्काळानंतर डिझेलचं इंजिन घेतलं. त्या इंजिनानं आमचं शेत जगवलं हे खरं, पण त्यानं दादांना पिळूनही काढलं. हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि त्यांच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं, ते पुढं कायम थोडं वाकडं राहिलं. डिझेलचा कॅन सायकलला बांधून राहुरीहून आणायचा. पंपावर डिझेल नसलं की ऊस डोळ्यादेखत पिवळा पडायचा. शेजारच्या वस्तीवर लाईट आली तेव्हा तिथली मोटर बटण दाबलं की सुरू व्हायची, आणि दादा आमच्या बांधावर उभे राहून तो आवाज ऐकत बसायचे.

अर्ज करायला गेलो तेव्हा दादांनी मला बरोबर घेतलं, कारण फॉर्म वाचायला कोणीतरी हवं होतं. सात-बारा, आठ-अ, सात-बाऱ्यावर विहिरीची नोंद, हिस्सेदारांची संमती, असं सगळं पिशवीत घालून नेलं होतं. टेबलावरचे रावसाहेब कागद बघून म्हणाले, "पाटील, आधी सभासद व्हा. शेअर घ्या."

"विजेचा पण शेअर असतो?"

"कारखान्याचा घेतलाय का नाही? सोसायटीचा? तसाच हा. तारा तुमच्या, पोल तुमचे, आम्ही तुमचे नोकर."

दादांना ते पटलं. पटायला फार वेळ लागलाच नाही, कारण नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या ट्रंकेत असे कागद नवीन नव्हते. विविध कार्यकारी सोसायटीचा शेअर, साखर कारखान्याचा शेअर, दूध संस्थेचं पासबुक. आमच्या शेजारच्याच प्रवरानगरला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून १९५० च्या अखेरीस उसाचं गाळप सुरू केलं होतं. ऊस घालणारा शेतकरीच कारखान्याचा मालक, हे आमच्या आजोबांच्या पिढीनं डोळ्यांनी बघितलेलं होतं. त्याच वाटेनं वीजही आपली होऊ शकते, हे मानायला आम्हाला जड गेलं नाही.

ही कल्पना मुळात कुठून आली ते मला पुष्कळ उशिरा कळलं. अमेरिकेत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला दहा शेतांमधल्या जेमतेम एकावर वीज होती. लांब लांब वस्त्यांवर तारा न्यायला खासगी कंपन्या तयार नव्हत्या, त्यात त्यांना नफा दिसत नव्हता. १९३५ साली रूझवेल्ट सरकारनं ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं खातं काढलं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढून सरकारी कर्जावर स्वतःच्या लाईनी ओढल्या. त्या संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेची माणसं १९६० च्या दशकात भारतात आली. १९६९ मध्ये आपल्याकडं ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं आणि प्रयोग म्हणून देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था काढायचं ठरलं. महाराष्ट्रात मुळा-प्रवरा, गुजरातमध्ये कोडिनार, कर्नाटकात हुक्केरी, तेव्हाच्या आंध्रात सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशात लखनौ. अख्ख्या महाराष्ट्रातून आमचाच भाग निवडला, याचा मला आजही अभिमान वाटतो.

शेअर घेतला. जाड कागद, त्यावर गोल शिक्का, दादांचं पूर्ण नाव आणि सभासद नंबर. घरी आल्यावर आईनं तो देव्हाऱ्यापुढं ठेवला, हळद-कुंकू वाहिलं आणि मग ट्रंकेत टाकला.

पण शेअर घेतला म्हणजे लाईट आली असं नव्हतं. आधी पाहणीला साहेब आले. त्यांनी टेप धरून डीपीपासून विहिरीपर्यंतचं अंतर मोजलं. डीपीवर लोड शिल्लक आहे का हे बघितलं. ६३ केव्हीएचा डीपी, त्यावर पाच हॉर्सपॉवरच्या दहा-बारा मोटरी झाल्या की तो भरला. आमचा नंबर शेवटच्यांत बसला. आणखी कोणी अर्ज केला असता तर त्याला नवीन डीपीची वाट बघावी लागली असती.

खरी अडचण घरातच निघाली. सातातले दोन पोल चुलत्यांच्या शेतातून जाणार होते. नानांनी सही करायला नकार दिला. "औताच्या आड येतो पोल. बैल अडकतील, वळण बसणार नाही." दादा दोनदा जाऊन आले. बोलाचाली झाली. जमिनीच्या वाटणीपासून मनात साठलेलं सगळं त्या दोन पोलांवर आलं. तिसऱ्यांदा दादा गेले नाहीत, आजी गेली. तिनं काय सांगितलं ते कोणालाच कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "आण कुठं सही करायची. पण पोल बांधाला धरून घ्यायचे, वावराच्या मधी नाही." साहेबांना विनंती करून लाईन थोडी वळवली. त्यात पोल एक वाढला असता, पण मोजणी केल्यावर सातातच बसलं.

मग कोटेशन आलं, ते भरलं. अनामत भरली. लायसन असलेल्या ठेकेदाराकडून विहिरीवरच्या खोलीत बोर्ड, स्टार्टर, अर्थिंगचं काम करून त्याचा टेस्ट रिपोर्ट जोडला. अर्थिंगसाठी मीठ आणि कोळसा लागतो हे ऐकून आईनं चुलीतला कोळसा आठवडाभर विझवून साठवला होता. मोटरसाठी दादांनी बँकेचं कर्ज काढलं, पाच हॉर्सपॉवरची किर्लोस्कर घेतली आणि ती ट्रॅक्टरमधून गोणपाटात गुंडाळून आणली. लहान मूल आणावं तशी.

सिमेंटचे पोल ट्रॉलीतून आले ते रस्त्यालाच उतरले, कारण शेतात नुकतंच पाणी दिलेलं होतं. तिथून आत ओढून न्यायला बैलांच्या दोन जोड्या लागल्या. एक आमची, दुसरी नानांची. पोल उभा करणं हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. बुडखा खड्ड्याच्या तोंडाशी लावायचा, वरच्या टोकाला तीन बाजूंनी दोर बांधायचे, मधे बांबूची कैची टेकू द्यायला, आणि बारा-चौदा माणसं एका सुरात ओढणार. वायरमन एकटेच ओरडत होते, "हळू, हळू, डावीकडं ढील द्या." पोल सरळ उभा राहिला की ते लांब जाऊन एक डोळा मिटून बघायचे आणि मग दगड-माती ठोकायला सांगायचे. आमच्या वस्तीवरचे, नानांच्या वस्तीवरचे, ज्यांना आधीच लाईट मिळाली होती ते, सगळे आले होते. पैसे कोणी मागितले नाहीत. आईनं आणि अक्कानं पिठलं-भाकरी आणि गुळाचा चहा केला होता.

तारा ओढून झाल्या आणि लाईन चालू करायचा दिवस आला. माघातली सकाळ होती. दादांनी कळशीनं पंपात पाणी भरलं, फूटव्हॉल्व्ह धरतोय का बघितलं, मोटरीला हार घातला, नारळ फोडला. वायरमननी किटकॅट म्हणजे फ्यूज बसवले आणि दादांना म्हणाले, "दाबा." दादांनी हिरवं बटण दाबलं. मोटर घुमली. सगळे पाइपच्या तोंडाकडं बघत राहिले. पाणी नाही. अर्धा मिनिट, मिनिट झालं. पाइपमधून नुसता गुळगुळ आवाज, हौद कोरडा. दादांचं तोंड उतरलं. नाना म्हणाले, "व्हॉल्व्ह गळतोय का बघ." मी विहिरीत उतरायला निघालो होतो.

वायरमन मात्र शांत होते. त्यांनी लाल बटण दाबलं, मोटर थांबत असताना पंख्याच्या जाळीतून आत निरखून बघितलं आणि म्हणाले, "पाटील, मोटर उलटी फिरतीय. फेज अदलाबदल झालेत." फ्यूज काढले, स्टार्टरचं झाकण उघडलं, तीनपैकी दोन तारांची जागा बदलली. पाचच मिनिटांचं काम. तीन फेजपैकी कुठलेही दोन बदलले की मोटरीची दिशा बदलते, हे मला त्या दिवशी समजलं. परत बटण दाबलं. पाइपानं एकदा खोकल्यासारखा आवाज केला, थोडं गढूळ पाणी ओकलं आणि मग चार बोटं जाड धार हौदात पडायला लागली. दादांनी तो वाकडा हात धारेखाली धरला. बराच वेळ धरला. अक्का रडत होती. पाट भरून पहिलं पाणी नानांच्या बांधाला लागून गव्हाकडं गेलं.

इथून पुढची पंचवीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण ती सगळ्यांचीच सारखी आहेत. ऊस वाढला, घास आला, दोन म्हशींच्या चार झाल्या. घरात पिवळा बल्ब लागला, मग टीव्ही. अक्का श्रीरामपूरला नांदायला गेली. मी बी.एस्सी. अ‍ॅग्री करून परत शेतात आलो. संस्थेचं काम श्रीरामपूर आणि राहुरी तालुक्यांत, शिवाय संगमनेर, नेवासा आणि आजच्या राहाता तालुक्यातल्या गावांत पसरलं. पुढं ग्राहकांची संख्या दीड लाखाच्या वर गेली.

दादा वार्षिक सर्वसाधारण सभेला दरवर्षी जायचे. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, हातात अहवालाचं पुस्तक. एका सभासदाला एकच मत, मग त्याचा कारखाना असो नाहीतर एक मोटर, ही गोष्ट त्यांना फार मोलाची वाटायची. १९९० च्या आसपास एका सभेत मी त्यांच्याबरोबर होतो. दादा उठून उभे राहिले. मी त्यांना कधी माइकवर बोलताना बघितलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "जो बिल भरतो त्यालाही तेवढीच वीज आणि जो भरत नाही त्यालाही तेवढीच. हे आपल्याला परवडणार नाही. थकबाकीदारांची नावं चावडीवर लावा." मंडपात काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी मान फिरवली. परत येताना एसटीत ते गप्प होते. उतरताना म्हणाले, "बरोबर बोललो ना रे?"

बरोबरच बोलले होते. संस्थेचं दुखणं तिथंच होतं, आणि ते समजायला हिशेबतपासनीस व्हायची गरज नाही. संस्था वीज तयार करत नव्हती. ती वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि आपल्या तारांवरून आम्हाला पुरवायची. उपकेंद्रात वीज आत येते तिथं मंडळाचा मीटर होता, तो प्रत्येक युनिट मोजायचा. दुसऱ्या टोकाला आमच्या मोटरीला मीटर नव्हता, बिल हॉर्सपॉवरवर. मोटर दोन तास चालली काय आणि दहा तास चालली काय, आकडा तोच. त्यात शेतीचा दर मुद्दाम कमी ठेवलेला, आणि आमच्या भागात सगळा भार शेतीचाच. शहरी मंडळाला कारखाने-दुकानांचं महाग बिल घेऊन शेतीची भरपाई करता येते, इथं ते किती करणार? आणि या दोन टोकांच्या मधे आकडे टाकणारे, म्हणजे तारेला हुक अडकवून वीज चोरणारे होते. रात्री तारेवर आकडा टाकून मोटर चालवायची, पहाटे काढायचा. त्यानं डीपीवर भार यायचा, डीपी जळायचा, आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांचाही ऊस वाळायचा. आमचा डीपी दोनदा जळाला. दोन्ही वेळा आकडे कोणाचे होते ते अख्ख्या वस्तीला माहीत होतं आणि कोणी नाव घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

मग २००३ चा दुष्काळ. विहीर तळाला गेली. मोटर महिनोन् महिने बंद, पण हॉर्सपॉवरचं बिल येतच होतं. आमच्याकडं जनावरांच्या चाऱ्याला पैसे नव्हते. त्या वर्षी बिल भरलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. आजूबाजूला कोणीच भरत नव्हतं, आणि कधी ना कधी माफी होईल असं सगळे म्हणत होते. दादांना ते फार लागलं. एकदा जेवताना ताट बाजूला सारून ते म्हणाले, "आता माझंच नाव लावा चावडीवर." आईनं त्यांना समजावलं, मी समजावलं, दुष्काळात कोण बोलणार आहे म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. २००६ ला उन्हाळी कांद्याचे पैसे आले तेव्हा पहिलं काम त्यांनी थकलेलं बिल हप्त्यानं भरायचं केलं. घराचं पत्र्याचं छप्पर बदलायचं राहून गेलं.

पण एका सभासदानं भरून काय होणार होतं? मंडळाची संस्थेकडची थकबाकी वाढतच गेली. घाऊक दर किती धरायचा, सरकारी अनुदान किती, यावरून वाद होते. आकडा हजार कोटींच्या पलीकडं गेला. २००३ चा नवा वीज कायदा आला, २००५ मध्ये मंडळाचे तुकडे होऊन महावितरण झालं. संस्थेचा परवाना ३१ जानेवारी २०११ ला संपत होता. पुढचा परवाना कोणाला, हे वीज नियामक आयोगानं ठरवायचं होतं. संस्थेनंही अर्ज केला होता, महावितरणनंही. आयोगानं तो महावितरणला दिला.

या सगळ्याचा दोष मी कोण्या एकाच्या माथी मारणार नाही. दर ठरवणारे होते, राजकारण होतं, पण आम्ही दीड लाख जण होतो हेही खरं. शेअर घेताना "तारा तुमच्या" हे ऐकून आम्ही खूश झालो. तारा आमच्या असतील तर तूटही आमचीच, हे दुसरं वाक्य दादांसारख्या थोड्यांनीच ऐकलं. सिरसिल्ल्याची आणि हुक्केरीची संस्था आजही चालू आहे. मागं कोल्हापूरहून पुढं एका लग्नाला गेलो होतो, तेव्हा वाटेत हुक्केरी तालुक्यात गाडी थांबवून मी चहाच्या टपरीवाल्याला मुद्दाम विचारलं, "वीज कोणाची?" तो मराठी-कानडी मिसळून म्हणाला, "आमच्या संस्थेची." तो 'आमच्या' शब्द ऐकून मला गाडीत परत बसवेना.

३१ जानेवारीच्या त्या रात्री आमच्याकडं रात्रपाळीची लाईट होती. भारनियमनात थ्री फेज रात्रीच मिळायची. मी गव्हाला पाणी देत होतो. थंडी कडक, पायात गमबूट, हातात बॅटरी. दादा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते, तरी कांबळं पांघरून विहिरीवर येऊन बसले. बारा वाजायच्या सुमाराला मला म्हणाले, "बंद पडंल का रे?" मी म्हणालो, "नाही दादा, कागदावर बदलतंय फक्त." तरी आम्ही दोघंही मोटरीचा आवाज ऐकत राहिलो. बारा वाजले, सव्वाबारा झाले. मोटर तशीच चालू. धार तशीच. दादा उठले, स्टार्टरच्या पेटीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि घरी गेले.

पुढच्या बिलावर महावितरणचं नाव आलं, बारा आकडी ग्राहक क्रमांक आला. संस्थेच्या तारा, पोल, उपकेंद्रं वापरण्याचा मोबदला किती, यावर आयोग, अपिलीय न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय असं बरंच चाललं. ती बातमी पेपरात आली की दादा चष्मा लावून पूर्ण वाचायचे. २०१४ ला ते गेले.

कनेक्शन त्यांच्याच नावावर राहिलं होतं. बिल येत होतं, मी भरत होतो, कधी मागं पडत होतो. २०२० च्या कृषिपंप धोरणात सवलत मिळाली तेव्हा साचलेलं सगळं भरून टाकलं. मग एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना राज्य सरकारनं वीज मोफत केली. आमची मोटर पाचाचीच, त्यामुळं बिल शून्याचं यायला लागलं. शेतकऱ्याच्या खिशाला दिलासा मिळाला, तो मलाही मिळाला, नाकारत नाही. पण शून्याचं ते पहिलं बिल हातात घेतलं तेव्हा मला पत्र्याचं छप्पर आठवलं.

मयताच्या नावावर किती दिवस ठेवायचं, म्हणून मागच्या दिवाळीनंतर नाव बदलायला घेतलं. मृत्यूचा दाखला, वारसनोंदीचा फेरफार, नवा सात-बारा, आधार, आणि इतर वारसांचं संमतीपत्र. वारस आम्ही दोघंच, मी आणि अक्का. आई दादांच्या आधीच गेली. अक्काला फोन केला तर म्हणाली, "कागद पाठवू नको, मीच येते." सत्तरीच्या जवळ आलीय, गुडघे दुखतात, तरी श्रीरामपूरहून एसटीनं आली. आल्यावर चहा घ्यायच्या आधी विहिरीवर गेली. नानांच्या बांधाचा पोल अजून तोच आहे. मधे दोन पोल वादळात पडून बदलले, तो नाही. तिनं त्याच्या बुडाशी पायानं माती दाबून बघितली. "हाच ना मुरूम लागला तो?"

घरी येऊन मी ट्रंक उघडली. कोटेशनची पावती, टेस्ट रिपोर्टची प्रत, मोटरीच्या कर्जाची फेड झाल्याचा दाखला, सभांच्या अहवालांची पुस्तकं. शेअरच्या कागदाची घडी मधोमध फाटत आली होती, एका कोपऱ्याला हळदीचा डाग तसाच. अक्कानं आधी संमतीपत्र पूर्ण वाचलं, मला वाचून दाखवू दिलं नाही, आणि सही केली. पेन खाली ठेवलं.

"कनेक्शन तुझ्या नावावर कर," ती म्हणाली. "पाणी तूच देतोस. हा कागद मात्र मी नेते."

मी म्हणालो, "अक्का, त्याचं आता काय करणार?"

"खड्डे मीही काढलेत," ती म्हणाली, आणि तो शेअर पिशवीतल्या ज्ञानेश्वरीत घालून पिशवीची दोरी आवळली. चार वाजताच्या एसटीला मी तिला फाट्यावर सोडलं.